अकरावीच्या इंग्रजी साहित्यासाठी शब्दसंपत्ती कशी वाढवावी: गोव्यातल्या मराठी मुलांसाठी

चौथीपर्यंत सरकारी मराठी प्राथमिक शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा भागातली कितीतरी मुलं याच वाटेने अकरावीला येतात. विज्ञान आणि समाजशास्त्र त्यांनी इंग्रजीतूनच शिकलेलं असतं, प्रश्नोत्तरंही ती नीट लिहितात. आणि तरी इंग्रजी साहित्याच्या तासाला त्यांची गाडी अडते. कथेच्या पहिल्या पानावरच दहा-पंधरा शब्द अनोळखी निघतात, आणि मुलाला वाटायला लागतं की हा विषय आपल्यासाठी नाही.

हे वाटणं चुकीचं आहे. पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी माहिती देतं. तिथे शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो चौकटीत छापलेला असतो. साहित्यात लेखक शब्द निवडून घेतो. म्हाताऱ्या माणसाला तो ‘ओल्ड’ म्हणत नाही, ‘फ्रेल’ म्हणतो, आणि त्या निवडीतच त्याचं अर्धं म्हणणं असतं. म्हणून अर्थांची यादी घोकून इथे काम भागत नाही. शब्द त्याच्या वाक्यासकट, सोबतच्या शब्दांसकट आणि त्याच्यातल्या भावासकट शिकावा लागतो. त्यासाठी लागणारी बरीचशी सामग्री गोव्यातल्या मराठी घरात वाढलेल्या मुलाकडे आधीपासून असते. ती कशी वापरायची, हेच पुढे सांगतो.

एक सूचना आधीच. इथे इंग्रजी शब्द मी देवनागरीत लिहिलेत. तुमच्या वहीत मात्र ते स्पेलिंगसकट रोमन लिपीतच लिहा.

पहिली पायरी: अडणारे शब्द मोजा

जे पुस्तक वाचायचं आहे त्याचं मधलं कोणतंही एक पान घ्या. साधारण तीनशे शब्दांचं पान असेल तर बरं. पेन्सिल हातात घेऊन, अर्थ सांगता येत नाही अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. शब्दकोश उघडू नका, फक्त मोजा.

शब्दसंपत्तीवर संशोधन करणारे सांगतात की मदतीशिवाय कादंबरी नीट वाचायला शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर सहाच अनोळखी. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये असा हिशेब मांडला की त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळं यायला हवीत. शब्दकूळ म्हणजे ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसाइसिव्ह’ असे एकाच घरातले शब्द. ते सगळे मिळून एक धरायचे. आकडा ऐकून घाबरू नका. त्याचा उपयोग पुस्तक निवडायला करायचा. पानावर सहा-सात रेघा पडल्या तर ते पुस्तक घरी एकट्याने वाचा. वीस पडल्या तर ते वर्गात, शिक्षकांबरोबर वाचायचं पुस्तक आहे. अभ्यासक्रमातलं पुस्तक बहुधा दुसऱ्या प्रकारचं असतं, आणि त्यात काही वावगं नाही. पण त्याच्या जोडीला पहिल्या प्रकारचं एक पुस्तक कायम हाताशी हवं, कारण सुटे शब्द पक्के होतात ते अशा सोप्या, भरपूर वाचनात.

ते पुस्तक विकतच घ्यायला हवं असं नाही. पणजीत पाट्टोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था, आणि तिथे इंग्रजी पुस्तकांचा मोठा साठा आहे. पणजी लांब पडत असेल तर जवळच्या गावातलं किंवा तालुक्याचं वाचनालय गाठा. मुलांच्या विभागातलं पुस्तक उचलायची लाज वाटू देऊ नका.

दुसरी पायरी: प्रत्येक शब्दामागे धावू नका

रेघा मारलेले शब्द सारख्या मोलाचे नसतात. ‘हेदर’, ‘थ्रश’, ‘बॉनेट’ असे झाडापक्ष्यांचे, कपड्यालत्त्यांचे शब्द येतात. हे एक झुडूप, हा एक गाणारा पक्षी, एवढं कळलं की पुढे चला. फारतर मोबाइलवर चित्र बघा. त्यांना वहीत पान देऊ नका.

ऋतूंकडे मात्र नीट लक्ष द्या. इंग्लंडमधल्या कवितेत ‘समर’ म्हणजे लांबलेल्या थंडीनंतर आलेले उबदार, हवेहवेसे दिवस. आपल्याकडे मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात घामाने निथळताना जे वाटतं ते त्या शब्दात नाही. म्हणूनच ‘वॉर्म’ हा शब्द इंग्रजीत बहुतेक वेळा मायेचा असतो आणि ‘कोल्ड’ दुराव्याचा. आपल्याला जीव सुखावतो तो गारव्याने, पहिल्या पावसाने. हा फरक शब्दकोशात सापडत नाही आणि कवितेचा अर्थ कित्येकदा त्याच्यावरच उभा असतो.

वहीत घ्यायचे ते माणसाचा स्वभाव, मनःस्थिती, नाती आणि वागणं सांगणारे शब्द. ‘रिलक्टंट’, ‘इंडिग्नंट’, ‘विस्टफुल’, ‘रिझेंटमेंट’, ‘सॉलिट्यूड’. हे कथेमागून कथेत, कवितेमागून कवितेत येत राहतात. आठवड्याला दहा पुरेत. एका बैठकीत पन्नास पाठ करणारा मुलगा पंधरवड्याने पाच सांगू शकत नाही.

तिसरी पायरी: एका शब्दाला अर्धं पान

‘रिलक्टंट’ घेऊ. समजा वाक्य आहे: ‘द फेरीमन वॉज रिलक्टंट टू क्रॉस आफ्टर डार्क.’ अंधार पडल्यावर पलीकडे जायला फेरीबोटवाला राजी नव्हता.

सगळ्यात वर हे अख्खं वाक्य उतरवा. त्याखाली शब्द, आणि कोणत्या अक्षरावर जोर येतो त्याची खूण. इथे तो ‘लक्’वर आहे. मग मराठीत अर्थ लिहा, पण एका शब्दात उरकू नका. ‘नाखूश’ एवढंच लिहिलं तर थोडं निसटतं. ‘करावं लागेल हे कळतंय, पण मन मागे ओढतंय’ असं लिहिलं की नेमकं सापडतं. त्यापुढे सोबती लिहा: ‘रिलक्टंट टू’ आणि पुढे क्रियापद, ‘रिलक्टंट विटनेस’, ‘रिलक्टंट कन्सेंट’. मग घरातले शब्द: ‘रिलक्टन्स’, ‘रिलक्टंटली’. मग शेजारी. ‘अनविलिंग’ म्हणजे इच्छाच नाही. ‘हेझिटंट’ म्हणजे अजून ठरत नाही. ‘रिलक्टंट’ माणूस शेवटी ती गोष्ट करतोही, पण मनाविरुद्ध. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ आहे विरोधात झुंजणे, आणि ती आतली झुंज या शब्दात अजून शिल्लक आहे.

शेवटी स्वतःचं वाक्य, आणि इथे बहुतेक मुलं कंटाळा करतात. ‘आय ॲम रिलक्टंट’ हे वाक्य काही सांगत नाही; त्या जागी ‘हॅपी’ टाकलं तरी ते तितकंच बरोबर राहतं. अर्थ वाक्यातूनच कळला पाहिजे: ‘माय ग्रँडमदर वॉज रिलक्टंट टू सेल द ओल्ड हाउस, दो द रूफ लीक्ड एव्हरी मान्सून.’ छप्पर दर पावसाळ्यात गळतंय, तरी आजीचं घर विकायला मन होत नाही. आता या जागी दुसरा शब्द सहजी बसणार नाही. स्वतःच्या घरातलं, वाड्यावरचं, रोजच्या बसमधलं काहीतरी वाक्यात आणा. तसा शब्द विसरत नाही.

शब्दकोश कोणता वापरायचा? इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेले ‘लर्नर्स’ शब्दकोश घ्या. त्यांत अर्थ दोन-तीन हजार सोप्या शब्दांच्या मर्यादेत राहून लिहिलेला असतो आणि शब्द वाक्यात कसा बसतो तेही दाखवलेलं असतं. इंग्रजी-मराठी कोश दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. अर्थ इंग्रजीतून समजून घ्यायचा, आणि मग मराठीत नेमकं काय म्हणतात ते स्वतः शोधायचं. या शोधण्यातच शब्द पक्का होतो.

चौथी पायरी: घरच्या मराठीतून छटा ओळखा

माझ्या मते सगळ्या पायऱ्यांत मोलाची हीच, आणि शिकवण्यांमध्ये नेमकी हीच गाळली जाते.

मराठीत बारीक माणसाला आपण किती तऱ्हांनी बोलतो बघा. सडपातळ म्हणालो तर कौतुक. काटक म्हणालो तर अंगात ताकद आहे. किडकिडीत म्हणालो तर नापसंती आली. हडकुळा म्हणालो तर टोचून बोललो. खंगलेला म्हणालो तर आजारपण किंवा उपासमार डोळ्यांपुढे उभी राहते. हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. आता इंग्रजी शब्द त्यांच्या शेजारी मांडा: ‘स्लेंडर’, ‘वायरी’, ‘स्किनी’, ‘स्क्रॉनी’, ‘इमेशिएटेड’. हे सगळे ‘थिन’च, पण एखाद्या पात्राला लेखिकेने ‘स्क्रॉनी’ म्हटलं की तिची नजर मायेची नाही हे तुम्हाला लगेच उमगेल.

‘बघणे’ घ्या. ओझरतं बघणं म्हणजे ‘ग्लान्स’. हरवल्यासारखं बघत राहणं, ‘गेझ’. टक लावून बघणं, ‘स्टेअर’. डोळे वटारणं, ‘ग्लेअर’. डोळे बारीक करून, नीट न दिसणारं बघायचा प्रयत्न करणं, ‘पीअर’. चोरून बघणं, ‘पीक’. न्याहाळून, तपासून बघणं, ‘स्क्रूटिनाइझ’. चालणे, बोलणे, हसणे, रागावणे यांच्याही अशाच उतरंडी करता येतात. घरात आजी किंवा एखादी बोलकी काकी असेल तर तिच्याकडे बसा आणि विचारा, रागावलेल्या माणसाला काय काय म्हणतात? रुसलेला, चिडलेला, संतापलेला, धुमसणारा, फणकारलेली. मग त्या प्रत्येकासाठी इंग्रजी शब्द शोधा. ‘सल्की’, ‘इरिटेटेड’, ‘एनरेज्ड’, ‘सीदिंग’ सापडतील. प्रत्येक शब्दाला जोडीदार मिळेलच असं नाही. फणकारलेलीला मला अजून चांगला मिळालेला नाही, आणि अशी रिकामी जागाही वहीत तशीच ठेवावी.

पाचवी पायरी: मूळ धातू, आणि गोव्याची गावं

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर राज्यकारभारात आणि दरबारात फ्रेंच आली. विद्वानांची भाषा लॅटिन होतीच. इंग्रजीतले भारदस्त शब्द मोठ्या संख्येने लॅटिनमधून, थेट किंवा फ्रेंचमार्गे आलेले आहेत. पोर्तुगीज ही लॅटिनचीच मुलगी, आणि ती आपल्याकडे १५१० पासून १९६१ पर्यंत राज्यकर्त्यांची भाषा होती. त्यामुळे लॅटिनची मुळं आपल्या बसच्या पाट्यांवर लिहिलेली आहेत.

आग्वाद किल्ला गोड्या पाण्याच्या झऱ्यामुळे त्या नावाचा झाला. ‘आग्वा’ म्हणजे पाणी, लॅटिन ‘ॲक्वा’. त्यातून ‘ॲक्वाटिक’, ‘ॲक्विडक्ट’. मिरामारमधला ‘मार’ म्हणजे समुद्र, त्यातून ‘मरीन’, ‘मॅरिटाइम’. पणजीची उंचावरची आल्तिनो. ‘आल्तो’ म्हणजे उंच, त्यातून ‘आल्टिट्यूड’ आणि साहित्यात नेहमी भेटणारा ‘एग्झॉल्ट’, म्हणजे उंचावणं, गौरवणं. बोक द व्हाक म्हणजे गायीचं तोंड. गाईसाठीच्या त्याच लॅटिन शब्दातून ‘व्हॅक्सिन’ आला, कारण पहिली लस गाईंच्या देवीपासून तयार झाली. सांताक्रूझमधला ‘क्रूझ’ म्हणजे क्रूस. त्यातून ‘क्रूसिफाय’, आणि असह्य वेदनेसाठीचा ‘एक्सक्रूशिएटिंग’. मांडवीपलीकडच्या रेईश मागूशमधले ‘रेईश’ म्हणजे राजे. मूळ लॅटिन ‘रेक्स’. त्यातून ‘रीगल’, आणि राजहत्येच्या नाटकांत हमखास येणारा ‘रेजिसाइड’.

‘रेक्स’ आणि आपला ‘राजन्’ हे एकाच मूळ घराण्यातले. संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक या बहिणी आहेत, म्हणून मराठी येणाऱ्याला अशी नाती पुष्कळ सापडतात. ‘वाच्’ म्हणजे बोलणे. त्याचंच लॅटिन भावंड ‘व्होकल’, ‘इन्व्होक’, ‘इव्होक’ या शब्दांत आहे. इव्होक म्हणजे मनातली भावना हाक मारून बाहेर बोलावणं. ‘मृ’वरून ‘मॉर्टल’ लक्षात राहतो, आणि ‘इमॉर्टल’ म्हणजे अमर. ‘नव’वरून ‘नॉव्हिस’ आणि ‘इनोव्हेट’. ‘दुः’ या उपसर्गाचा ग्रीक भाऊ ‘डिस्टोपिया’त बसलाय, तर ‘सु’चा ‘युफेमिझम’मध्ये, म्हणजे कटू गोष्ट बऱ्या शब्दांत सांगणं. ‘अनॉनिमस’ तर तुकड्यागणिक ‘अनामिक’ आहे. व्याकरणाच्या तासाला उपसर्ग-प्रत्यय सोडवलेत ना, तीच कसरत इथे करायची.

सावधगिरी एकच. मूळ सापडलं म्हणजे अर्थ सापडलाच असं धरू नका. ‘इनव्हिजिबल’मधला ‘इन’ नकार देतो, म्हणून ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल असं कुणी लिहिलं तर घात होईल. त्याचा अर्थ अमोल आहे. मुळावरून अंदाज बांधा आणि तो वाक्यात लावून तपासा.

सहावी पायरी: ओळखीचे वाटणारे जुने शब्द

जुनी नाटकं आणि कविता अभ्यासाला असतील तर खरा धोका अनोळखी शब्दांचा नसतो, कारण त्यांची टीप खाली दिलेली असते. ओळखीचे वाटणारे शब्द फसवतात. शेक्सपिअरच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटी आणि सतराव्याच्या सुरुवातीला, ‘वेअरफोर’चा अर्थ कुठे असा नव्हता, का असा होता. ‘प्रेझेंटली’ म्हणजे ताबडतोब. ‘स्टिल’ म्हणजे पुष्कळदा सदैव. ‘ब्रेव्ह’ शूर माणसासाठी यायचा तसा देखण्या, झोकदार गोष्टीसाठीही यायचा. ‘डाउट’ कधीकधी ‘असं असावं असा संशय आहे’ या अर्थाने येतो. ‘फॉल’चा भूतकाळ वाटणारा ‘फेल’ विशेषण असेल तर क्रूर. ओळ नीट लागत नसेल तर तिच्यातल्या सोप्या शब्दांवर आधी संशय घ्या. अशा शब्दांसाठी वहीची शेवटची पानं राखून ठेवा, आजचा अर्थ एका बाजूला आणि तेव्हाचा दुसऱ्या बाजूला.

याच नाटकांत ‘दाऊ’ आणि ‘यू’ येतात. आजच्या इंग्रजी मुलांना त्यांतला फरक मुद्दाम शिकवावा लागतो. आपल्याला तो जन्मापासून येतो: ‘दाऊ’ म्हणजे तू, आणि एकाच माणसाला उद्देशून ‘यू’ म्हणजे बहुधा तुम्ही. आता नाटक वाचताना रेघ मारत जा. कोण कुणाला अरे-तुरे करतंय, कोण अहो-जाहो? बरोबरीच्या माणसाशी ‘यू’ने बोलणारा मध्येच ‘दाऊ’वर आला तर काहीतरी बदललंय. प्रेम उफाळून आलंय, किंवा राग, किंवा त्याला समोरच्याचा पाणउतारा करायचाय. सासरेबुवांशी ‘तुम्ही’ने बोलणारा जावई भांडणात ‘तू’वर घसरला तर घरातले सगळे जसे चमकून बघतील, तसं त्या ओळीपाशी थांबा. परीक्षेत पात्रांच्या संबंधांवर प्रश्न आला तर हे निरीक्षण लिहा. ते फार कमी मुलांच्या उत्तरात असतं.

सातवी पायरी: अलंकार तुम्हाला येतात

‘सिमिली’ म्हणजे उपमा, ‘मेटाफर’ रूपक, ‘पर्सॉनिफिकेशन’ चेतनगुणोक्ती, ‘ॲलिटरेशन’ अनुप्रास, ‘हायपर्बली’ अतिशयोक्ती. ‘सोलिलक्वी’ म्हणजे स्वगत, आणि जत्रेतली नाटकं बघत वाढलेल्या मुलाला स्वगत म्हणजे काय हे समजावायची गरज नाही. मराठीच्या वहीतली व्याख्या काढा, तिचं इंग्रजी करा, अभ्यासातल्या कवितेतलं उदाहरण जोडा. एका दुपारचं काम आहे.

उच्चार मात्र शब्दकोशातून ऐका. ‘हायपरबोल’ नाही, ‘हायपर्बली’. ‘एपिटोम’ नाही, ‘इपिटमी’. ‘सटल’मध्ये बी लिहितात, पण उच्चारत नाहीत. तोंडाने बरोबर न म्हटलेला शब्द वर्गात वापरायला जीभ रेटत नाही.

आठवी पायरी: उजळणी

जर्मनीत हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवून दिलं की नवं पाठ केलेलं सुरुवातीलाच सर्वांत वेगाने विसरतं. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये त्यावर सोपी तोड मांडली: चिठ्ठ्या आणि पाच कप्प्यांचा डबा. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला वाक्य. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. आठवलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा भेटते. चुकलं तर परत पहिल्यात. चपलांचा खोका आणि पुठ्ठ्याचे तुकडे पुरतात. चिठ्ठ्या सोबत ठेवा. चोडणची फेरी लागेपर्यंत किंवा कदंबची बस सुटेपर्यंत एक कप्पा सहज होतो.

नववी पायरी: उत्तरात वापरा

उत्तरपत्रिकेत अवघड शब्द पेरले की गुण मिळतात हा समज काढून टाका. ‘प्लेथोरा’ हा शब्द मुलांना फार आवडतो. त्याचा मूळ अर्थ गरजेपेक्षा जास्त, अति असा आहे. कवितेत तीन प्रतिमा असतील तर तो तिथे शोभत नाही.

खरी गरज क्रियापदांची असते. ‘द पोएट सेज’ हे प्रत्येक वाक्यात येत असेल तर कवी नेमकं काय करतोय ते आधी ठरवा. सूचित करतोय? ‘सजेस्ट्स’ किंवा ‘इम्प्लाइज’. भावना जागवतोय? ‘इव्होक्स’. चित्र उभं करतोय? ‘पोर्ट्रेज’. दोन गोष्टी मुद्दाम शेजारी ठेवतोय? ‘जक्स्टपोझेस’. पुढे येणाऱ्या घटनेची चाहूल देतोय? ‘फोरशॅडोज’. क्रियापद नेमकं पडलं की ते तुमच्याकडून पुढचा पुरावाही मागतं: ‘इव्होक्स’ लिहिलंत की कोणती भावना आणि कोणत्या शब्दांनी, हे लिहावंच लागतं. ‘द पोएट इज सॅड’ची जागा मग ‘द एम्प्टी चेअर इव्होक्स हर ग्रीफ विदाउट नेमिंग इट’ असं वाक्य घेतं. त्यात अवघड शब्द एकच आहे.

एका उत्तरात नवे शब्द दोन किंवा तीनच वापरा. लिहून झालं की त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा, वही शिक्षकांपुढे ठेवा आणि एवढंच विचारा: ‘हा शब्द इथे बसतो का?’ बसत नाही म्हणाले तर का, तेही विचारा, आणि त्यांनी सांगितलेलं कारण त्या शब्दाच्या अर्ध्या पानावर, स्वतःच्या वाक्याच्या खाली, लिहून ठेवा.